तांत्रिक अडचण

मराठी वर्तमानपत्रात कधी कधी एकाच पानावर दोन बातम्या असतात. 'तांत्रिक बिघाडामुळे लोकल अर्धा तास उशिरा' आणि 'गुप्तधनासाठी पूजा मांडणाऱ्या तांत्रिकाला अटक'. वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेला मुलगा तंत्रज्ञ होतो, तांत्रिक होत नाही. त्याच्या कामातली अडचण मात्र तांत्रिकच असते. यंत्राचंही तसंच. एक यंत्र गिरणीत असतं, दुसरं तांब्याच्या पत्र्यावर कोरून देव्हाऱ्यात ठेवलेलं असतं. सवाई जयसिंगाने वेधशाळेत आकाश मोजायची यंत्रं बांधली, लोकांनी त्या जागेचं जंतरमंतर करून टाकलं, आणि दिल्लीतल्या जंतरमंतरवर आता आंदोलनं होतात.

बारावीनंतर इंजिनियरिंगच्या प्रवेशाचे कागद घरात पसरलेले असताना आजीने विचारलं होतं, काय शिकणार. मामाने अभ्यासू आवाजात सांगितलं, "तांत्रिक शिक्षण." आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजे मंतर शिकवतेत का गं?" सगळे हसले. ती हसली नाही, कारण तिच्या दृष्टीने तो सरळ प्रश्न होता. का, ते पुढे येईलच.

आणि खरं सांगायचं तर शिकवतातच. आमच्या धंद्याइतकी जादूटोण्याची भाषा आज दुसऱ्या कुठल्या सुशिक्षित धंद्यात बोलली जात असेल असं मला वाटत नाही. नवं सॉफ्टवेअर बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे नेणारी खिडकी म्हणजे 'विझार्ड'. पडद्यामागे गुपचूप चालणारे प्रोग्राम म्हणजे 'डीमन'. कारण न देता कोडमध्ये ठेवून दिलेला आकडा 'मॅजिक नंबर', आणि तुमचं कोड तपासणाऱ्याने हा शब्द वापरला तर ती शिवी समजायची. १९७०च्या दशकात 'कलोसल केव्ह ॲडव्हेंचर' नावाचा एक खेळ होता, नुसता अक्षरांचा, चित्रं नाहीत. त्यात एक्स-वाय-झेड-झेड-वाय असा निरर्थक शब्द टाइप केला की खेळाडू एका ठिकाणाहून थेट दुसऱ्या ठिकाणी पोहोचायचा. पुढे कित्येक प्रोग्रामरांनी आपापल्या गंभीर प्रोग्राममध्येही त्या शब्दाची सोय करून ठेवली. तो टाइप केला की उत्तर यायचं: काहीही घडत नाही.

'आब्रा का डाब्रा' मला जादूच्या प्रयोगात आधी भेटला आणि नंतर परीक्षेत. डेविड हफमन नावाच्या विद्यार्थ्याने शोधलेली, १९५२ साली प्रसिद्ध झालेली एक पद्धत आहे. मजकूर कमीत कमी जागेत कसा बसवायचा, याची. जे अक्षर वारंवार येतं त्याला छोटा संकेत, जे क्वचित येतं त्याला लांब. ती शिकवायला हा शब्द फार सोयीचा. रोमन लिपीत त्यात अकरा अक्षरं, त्यातले 'ए' पाच, 'बी' आणि 'आर' दोन-दोन, 'सी' आणि 'डी' एकेक. प्रत्येक अक्षराला सारखी जागा दिली तर ३३ बिट लागतात, हफमनच्या पद्धतीने २३. दहा बिट वाचले, पाच गुण मिळाले.

नंतर कधीतरी कळलं की हा शब्द मुळात तापावरचं औषध होता. क्विंटस सेरेनस सॅमोनिकस या रोमन लेखकाच्या पद्यमय वैद्यकग्रंथात तो पहिल्यांदा लिहिलेला सापडतो. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाचा. हिवतापासारखा उलटून येणारा ताप असेल तर कागदावर हा शब्द लिहायचा, खाली पुन्हा लिहायचा पण एक अक्षर कमी करून, त्याखाली आणखी एक कमी, असं करत शेवटच्या ओळीत एकच अक्षर उरतं. तो त्रिकोण दोऱ्याने गळ्यात बांधायचा. शब्द झिजत जातो तसा ताप झिजत जावा, ही कल्पना. अकरा ओळी, सहासष्ट अक्षरं. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला सी भाषेत चांदण्यांचा त्रिकोण छापायचा प्रोग्राम प्रत्येकाने लिहिलेला असतो, एका लूपच्या पोटात दुसरा लूप. हुबेहूब तोच. १६६५च्या लंडनच्या प्लेगवर डॅनियल डीफोने लिहिलेल्या पुस्तकात लोक हाच त्रिकोण अंगावर बाळगताना दिसतात, आणि त्यातले कितीतरी नंतर प्रेतांच्या गाड्यांवरून नेले गेले हेही तो लिहितो.

ज्या शब्दाला लोक मरणाच्या भीतीने गळ्यात बांधत होते, तो आता वाढदिवसाच्या पार्टीत टोपीतून ससा काढतो. हे कसं होतं, हा माझा या लेखातला खरा प्रश्न आहे.

'होकस पोकस'ची वाट जरा वेगळी. तो सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या हातचलाखी करणाऱ्यांच्या तोंडी होता. एकाने तर ते स्वतःचं नावच करून घेतलं होतं, आणि १६३४ साली 'होकस पोकस ज्युनियर' या नावाने हातचलाखीची युक्ती फोडून सांगणारं पुस्तकही निघालं. टिलटसन या प्रॉटेस्टंट आर्चबिशपने तर्क मांडला की कॅथलिक पाद्री भाकरीचं ख्रिस्ताचं शरीर होताना जे लॅटिन शब्द म्हणतात, त्यांचाच हा अपभ्रंश. भाषातज्ज्ञांना तो तर्क कच्चा वाटतो. पण तो आर्चबिशपला सुचला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपला तो मंत्र आणि शेजाऱ्याचं ते मंतर, ही व्यवस्था काही आपल्याच देशात नाही.

मला सगळ्यात आवडलेली जोडी मात्र 'ग्रामर' आणि 'ग्लॅमर' यांची. मध्ययुगीन युरोपात ग्रामर म्हणजे लॅटिन, म्हणजे विद्या, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या दृष्टीने काहीतरी गूढ, बहुधा सैतानी. फ्रेंचमध्ये याच शब्दापासून मंत्रतंत्राच्या पोथीचं नाव झालं, ग्रिमॉयर. स्कॉटलंडमध्ये त्याचं उच्चारात ग्लॅमर झालं, अर्थ, नजरबंदी. वॉल्टर स्कॉटने तो शब्द सगळ्या इंग्रजीत पसरवला आणि आज तो सिनेमाच्या पुरवणीत राहतो. 'स्पेल'चंही तेच: जुन्या इंग्रजीत नुसतं 'बोलणं, कथा', पुढे मंत्र, आणि शाळेत स्पेलिंग चुकल्यावर हातावर पट्टी बसायची ते स्पेलिंगही फ्रेंचमधून फिरून आलेलं त्याच घराण्यातलं.

स्पेलिंग चुकलं तर काय होतं, यावर आपल्याकडची गोष्ट जास्त भयंकर आहे. त्वष्टा इंद्रावर चिडला. इंद्राला ठार करील असा मुलगा व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला आणि 'इंद्रशत्रु' वाढो असं म्हणत आहुती दिली. शब्द बरोबर होता, स्वर चुकला. एका अक्षरावर आघात असता तर समासाचा अर्थ झाला असता 'इंद्राचा मारेकरी'. तो दुसऱ्या अक्षरावर पडला आणि अर्थ झाला 'इंद्र ज्याचा मारेकरी आहे असा'. यज्ञाने सांगितलं ते केलं. वृत्र जन्मला, वाढला आणि इंद्राच्या हातून मेला. व्याकरण का शिकावं हे पटवायला वैयाकरण ही गोष्ट सांगत आले. आमच्या ऑफिसात नव्या मुलांना मीही सांगते. संगणक तुमच्या मनातलं ऐकत नाही, तुम्ही टाइप केलेलं ऐकतो, हे याहून बरं कुणी सांगितलेलं नाही.

अलिबाबाच्या भावाचं काय झालं तेही याच खात्यातलं. गुहेत शिरला, सोनं पाहून भान हरपलं, बाहेर पडताना शब्द आठवेना. धान्याचं काहीतरी नाव होतं एवढंच आठवत होतं. सातू म्हणून बघितलं, एकेक धान्य म्हणून बघितलं. पासवर्ड विसरलेल्या माणसाचं इतकं अचूक वर्णन त्याआधी मी वाचलेलं नाही. ही गोष्ट आंत्वान गालांला १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब या अलेप्पोच्या तरुणाने सांगितली, आणि गालांने ती 'अरेबियन नाइट्स'च्या आपल्या फ्रेंच भाषांतरात घातली. त्यातला शब्द तीळ. अरबीत तिळाला सिमसिम म्हणतात. हिंदीने 'खुल जा सिमसिम' तसंच ठेवलं, त्यामुळे हिंदी मुलांसाठी तो नुसता जादूचा आवाज झाला. मराठीने मात्र 'तिळा तिळा दार उघड' केलं. मला हे फार मराठी वाटतं. जादूच्या गुहेपुढे उभं राहून आपण डब्यातल्या तिळाला विनंती करतो आहोत, तेही एकेरीत, नाव घेऊन.

मराठीत असे मऊ झालेले शब्द भरपूर आहेत. 'जादू' फारसीतून आला. त्याचं संस्कृतातलं भावंड 'यातु' ऋग्वेदात आहे आणि तिथे ते चांगलंच दुष्ट आहे, यातुधान म्हणजे राक्षसी जादू करणारे. आज आईच्या हातच्या आमटीत जादू असते. 'भारणे' म्हणजे मंत्र घालून पाणी किंवा दोरा सिद्ध करणं; आता व्याख्यान ऐकून श्रोते भारावून जातात. 'गारुड' हे सापाच्या विषावरचं गरुडाचं सामर्थ्य, त्यावरून गारुडी. आता गाण्याचं गारुड असतं. ग. दि. माडगूळकरांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव 'मंतरलेले दिवस'. 'स्तंभन' हे तंत्रातल्या षट्कर्मांपैकी एक. आपण बिल बघून स्तंभित होतो. झपाटणं हे भुताचं काम होतं, आता परीक्षेआधी मुलं झपाटून अभ्यास करतात. माझ्या पिढीला तर भूतही महेश कोठारेंच्या १९९३च्या 'झपाटलेला'मधून मिळालं, तात्या विंचू नावाच्या बाहुल्याच्या रूपात. तो मृत्युंजय मंत्र आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होता. मे महिन्यात मामाच्या वाड्यात आम्ही तो एकमेकांवर टाकत असू. मोठी माणसं रागवत नसत.

एक दिवस मात्र रागावली. माझ्या मामेभावाने खेळताना कुणावर तरी हात रोखून म्हटलं, "तुझ्यावर भानामती करतो." मामीने येऊन त्याच्या तोंडावर फटका मारला. जोरात. आम्ही सगळे गप्प झालो, कारण आम्हाला तात्या विंचू आणि भानामती यातला फरक कळला नव्हता.

हे गाव लातूर जिल्ह्यातलं. मराठवाड्यात भानामती म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. बंद ट्रंकेतल्या कपड्यांना भोकं पडतात, घरावर दगड येतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, बायका घुमतात, क्वचित कुत्र्यासारख्या भुंकतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी असल्या कितीतरी प्रकरणांत जाऊन दाखवून दिलं की हे करणारं माणूस बहुधा घरातलंच असतं, आणि बहुधा ज्याला घरात तोंड उघडायची सोय नाही असंच. मौज अशी की हिंदीत हीच भानमती म्हणजे जादूचे खेळ करणारी बाई. 'भानुमती का पिटारा' म्हणजे नाना वस्तू भरलेली गमतीची पेटी. मुलांच्या पुस्तकाला शोभेल असं नाव. तिथे ती खेळणं झाली. आमच्याकडे तिचं नाव घेतल्यावर मुस्काटात बसते.

आजीच्या घराच्या वरच्या अंगाला एक बाई एकटी राहायची. नवरा लग्नानंतर लवकरच गेलेला, मूल नाही, दोन एकर रान मात्र तिच्या नावावर. आई शाळेत असताना गावातल्या एका घरात कपड्यांना भोकं पडायला लागली आणि कुणीतरी तिचं नाव घेतलं. तिला मारुतीच्या देवळात शपथ घ्यायला लावली. तिने घेतली. त्याने काही फरक पडला नाही. शपथ घेतली म्हणून ती सुटली नाही, उलट ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही माहीत झालं. 'करणी' हा शब्द बघा: 'करणे' या क्रियापदापासून झालेला, त्यात वाईट असं एक अक्षर नाही. तिने नक्की काय केलं हे सांगायची त्यामुळे गरजच पडत नाही. तिने 'केलं', बास. पुढची तीसेक वर्षं बायका तिच्यासमोर तान्ही मुलं पदराखाली घेत. तिच्या घरचं विरजण कुणी नेत नसे. रान दिरांनी कसायला घेतलं, हे वेगळं सांगायला नको.

मी परदेशी शब्दांचा इतका फेरफटका मारला तो इथे येण्यासाठी. शब्दाचा खेळ होतो तेव्हा त्याआधी भीती मेलेली असते. ताप कशाने येतो हे कळलं, त्यावर गोळी निघाली, तेव्हा आब्रा का डाब्रा मुलांच्या हाती आला. सापाचं गारुड गाण्याला लागलं. पण करणी, भानामती, मूठ, चेटूक या शब्दांचं 'अहाहा, काय चेटूक आहे तिच्या आवाजात' असं होत नाही. एखादा कवी करतो, गाव करत नाही. कुठला शब्द अजून खेळायला मिळत नाही ते बघावं, म्हणजे कुणाला अजून मारुतीच्या देवळात उभं केलं जातं ते कळतं.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ते वर्षानुवर्षं जो कायदा मागत होते त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याचं मराठी नाव लांबलचक आहे आणि शेवट 'समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम' असा आहे. उच्चाटन! वशीकरण, विद्वेषण, मारण यांच्या पंगतीतलं, षट्कर्मांपैकी एक: माणसाला त्याच्या जागेवरून उखडून हाकलून देण्याचा प्रयोग. जादूटोणा उखडायला कायद्याने जादूटोण्याचाच शब्द घेतला. मसुदा लिहिणाऱ्याला हे लक्षात आलं असेल का, याचा विचार करताना मला एकटीलाच हसू येतं.

या कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक कलम आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावला असताना माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. मी ते आजीला वाचून दाखवलं होतं, कारण आजीकडे विंचवाचा मंत्र होता. पंचक्रोशीतून लोक तिच्याकडे येत. ती पैसे घेत नसे, नारळही घेत नसे. कलम ऐकून ती म्हणाली, "मी कवा कुणाला दवाखान्यात जाऊ नको म्हणलं?" आणि ते खरं होतं. जीप येईपर्यंत ती मंत्र म्हणायची. जीप आली की पदर झटकून उठायची आणि माणसाला आत बसवायची.

मंत्राने विंचू का उतरायचा हे मला माहीत आहे. बहुतेक विंचवांची वेदना भयंकर असते पण काही तासांत आपली आपण ओसरते, मंत्र म्हणा नाही तर पाढे म्हणा. अपवाद लाल विंचवाचा. तो माणूस मारतो, विशेषतः मूल, आणि त्याच्यापुढे कुठलाच मंत्र चालत नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यावर वापरून कोकणातली मरणारी माणसं वाचवली. हेही मी आजीला सांगितलं. तिने गोळीचं नाव दोनदा म्हणायला लावलं.

२६ डिसेंबर २०१९ला सूर्यग्रहण होतं. मी नुकती नोकरीला लागले होते. आदल्या आठवड्यात आजीचा फोन आला: ग्रहणात मंत्र देता येतो, पुढचं ग्रहण तिला मिळेल न मिळेल, सुट्टी काढ. मी काढली. सकाळी आठ-साडेआठला, गार पाण्याच्या बादलीत पाय घालून, मी तो घेतला. लिहायचा नाही ही अट, म्हणून इथेही लिहीत नाही. एवढं सांगते की तो संस्कृत नाही. नवनाथांच्या पोथीत जिचं वर्णन येतं त्या शाबरी विद्येच्या जातीचा असावा: थोडी मराठी, थोडी हिंदी, गोरखनाथाची आण, एका पिराचं नाव, आणि मध्ये सातआठ अक्षरं ज्यांना काही म्हणजे काही अर्थ नाही. मी विचारलं, याचा अर्थ काय. ती म्हणाली, "अर्थ लावत बसलीस तर इसरशील." यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाचा एक जण भेटतो, ज्याच्या मते वेदमंत्रांनाही अर्थ नसतो. यास्क त्याला म्हणतो, आंधळ्याला खांब दिसत नाही यात खांबाचा काय अपराध. आजी मला यास्कापेक्षा सौम्य वाटली.

आणि तिनेच, त्याच दुपारी, मला वाटी देऊन वरच्या घरी पाठवलं. विरजण आणायला. आजी आयुष्यभर त्याच घरचं विरजण आणत होती, हे मला तेव्हा कळलं. कारण विचारलं तर म्हणाली, "तिचं दही गोड असतंय." गावात मंत्र येणारी बाई तीच एक, त्यामुळे तिला कुणी काही बोलू शकत नव्हतं. ही ताकद तिने कशासाठी वापरली, तर दह्यासाठी.

दोघीही आता नाहीत. वरची आधी गेली, आजी २०२२मध्ये.

गेल्या उन्हाळ्यात रात्री मामाचा फोन आला. रानात कामाला असलेल्या माणसाला विंचू चावला होता. मी पहिलं विचारलं, लाल होता का, आणि घाम, उलटी काही आहे का. जीप निघालीच होती, तालुक्याच्या रुग्णालयाकडे. मामा म्हणाला, तो सगळं कबूल आहे गं, पण हा म्हणतोय म्हातारीचा मंत्र तुझ्याकडं आहे, तेवढा म्हण. फोन स्पीकरवर होता. त्या माणसाचं कण्हणं आणि जीपचा आवाज ऐकू येत होता. माझ्यासमोर लॅपटॉपवर दुसऱ्या एका देशातलं सर्व्हर बंद पडलेलं होतं आणि ग्राहकाला 'तांत्रिक अडचण' असं कळवून झालेलं होतं. मी मंत्र म्हणायला घेतला. गोरखनाथाच्या आणेपाशी रेंज गेली. उरलेला मी म्हणून पुरा केला आणि परत फोन लावला, ते रुग्णालयात पोहोचले का ते विचारायला.